कुठं खोटं पडतं, ते लिहिणारे मुनीर सर

मंगळवार होता. नांदेडला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वार्षिक पडताळणी चालू होती आणि मी खाली उभी राहून शिडीवरच्या शिपायाला दाखल-क्रमांक वाचून दाखवत होते. साडेअकराच्या सुमारास मुखेडहून गोविंद सरांचा फोन आला. गोविंद सर तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. एरवी आधी इकडचं तिकडचं विचारतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "ताई, मुनीर सर वारले. सकाळी चहा घेता घेता." मी विचारलं, "किती वाजता?" तेही बिचारे म्हणाले, "आठ, सव्वाआठ." ती वेळ मी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवली... कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

पडताळणी तशीच टाकून लातूरची बस धरली. लोहा, अहमदपूर करत पोचेपर्यंत दफन उरकून पुरुष मंडळी परतली होती. आतल्या खोलीत बायकांमध्ये शमीम भाभी, सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले तसा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कालच म्हणाले, छत्तीस राहिल्यात. उन्हाळ्यात उरकतो म्हणाले." बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नसेल. मला कळलं. त्या छत्तीस कशाच्या आणि त्या राहण्यात माझा वाटा किती, ते आता नीट लिहून ठेवते. त्यांना जाऊन दोन महिने होत आलेत.

मुनीर सर लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या आयुष्याचं खरं काम मात्र कॉलेजच्या वेळापत्रकाबाहेर झालं. झुलणारा लोलक, फेकलेला दगड, हलणारी भिंत अशा गोष्टी संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब चालवून दाखवणारी मॉडेलं ते बनवायचे, आणि ती कोणाही शिक्षकाला घेऊन, मोडून, आपल्या वर्गापुरती बदलून वापरता यावीत म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक लायब्ररी उभी केली. त्या लायब्ररीची यादी मी सांभाळत होते. मॉडेलं एकशे चौसष्ट. वर्षं सतरा.

आमची ओळख मात्र भूकंपातली. त्र्याण्णवचा तो भूकंप होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी तेव्हा लातूरला शेवटच्या वर्षाला होते आणि आम्हा विद्यार्थ्यांना औसा तालुक्यातल्या एका गावात घरांची नोंद करायला नेलं होतं. माझ्याकडे छापील तक्ता होता: घरमालकाचं नाव, माणसं, आणि पुढं दोन रकाने, पडलं आणि पडलं नाही. एका अर्ध्या उभ्या भिंतीपाशी एक तरुण माणूस विती टाकून भिंतीची जाडी मोजत होता. मला वाटलं सरकारी असेल. विचारलं तर म्हणाला, "माझ्या खालाचं घर. खाला ह्याच्याखाली गेली." आईची बहीण. मी तक्त्यात 'पडलं'वर खूण केली. त्यानं वाकून तक्ता पाहिला आणि म्हणाला, "ताई, कसं पडलं ते कुठं लिहिणार?" मी म्हटलं, तसा रकाना नाही. "मंग पाठीमागं लिहा." आणि त्यानं सांगितलं तसं मी कागदाच्या मागं लिहिलं: बाहेरचा थर बाहेर पडला, आतला थर आत पडला, मधी नुसती माती. तो कागद पुढं कुठं गेला देव जाणे. पण त्यानंतर कोणताही तक्ता करताना मागची बाजू कोरी ठेवायची सवय मला लागली. ती मी पुढं एकदाच मोडली.

त्यांच्या वडिलांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढं ओळख वाढल्यावर सर मला एकदा तिथं घेऊन गेले. भिंतभर पत्र्याचे डबे, प्रत्येकात सुटे भाग, आणि डब्यावर खडूनं लिहिलेलं: 'पाच एचपीच्या मोटारीला बसत नाही', 'जुन्या मोटारीला बसत नाही'. मला ही पद्धत उफराटी वाटली. कुठं बसतो ते लिहायचं सोडून हे काय? मी विचारलं तर अब्बा हसले. म्हणाले, "बसतंय ते गिऱ्हाईक आपलंआपण बघतंय, बाई. बसत न्हाई तेच दाबून बसवतंय अन् मोटार जाळून आणतंय." सर बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी हे किती मनावर घेतलं होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

नंतर मी नोकरीनिमित्त नांदेडला आले. इकडे लातूरला क्लासेसचे दिवस सुरू झाले. 'लातूर पॅटर्न'चं नाव दूरवर गेलं, गल्लोगल्ली मेस आणि होस्टेलं उघडली, बसस्टँडवर ट्रंका घेऊन उतरणाऱ्या मुलामुलींची रांग लागली. कॉलेजात मुलं फक्त नावापुरती. प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेच्या आधी आठवडाभर उघडायचं आणि तोवर सगळ्यांच्या प्रयोगवह्या एकमेकींवरून उतरलेल्या असायच्या. सर नांदेडला येत तेव्हा सांगत, "शंभर पोरांचा लोलक एकाच टायमाला झुलतो, ताई. दशांशापर्यंत. एवढी शिस्त मिलिटरीत बी नसंल." हसायचे, पण त्यांना ते लागलं होतं. मुलं प्रयोगशाळेत येत नाहीत तर प्रयोगशाळा मुलं बसतात तिथं न्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि चाळिशीच्या तोंडावर प्रोग्रॅमिंग शिकायला बसले.

एक दिवस माझ्या टेबलावर सीडी ठेवून म्हणाले, "हे पुस्तकासारखं देता येईल का? एकानं न्यावं, दुसऱ्यानं न्यावं, पण फाटू नये." आमची लायब्ररी अशी सुरू झाली. सुरुवातीला प्रत्येक मॉडेल ते पहिल्यापासून लिहीत. मग एकदा मीच विचारलं, की प्रत्येक वेळी गुरुत्वाकर्षण नव्यानं कशाला लिहिता? तेव्हापासून त्यांनी सुटे तुकडे केले. गुरुत्वाकर्षणाचा तुकडा वेगळा, घर्षणाचा वेगळा, स्प्रिंगचा वेगळा. शिक्षकानं हवे ते उचलायचे आणि आपलं मॉडेल जोडायचं. त्या एका प्रश्नाचं श्रेय ते चारचौघांत मला देत राहिले.

लायब्ररीत मॉडेल दाखल व्हायला त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, दुसऱ्या गावातल्या शिक्षकानं त्यातून स्वतःचं काहीतरी बनवून दाखवायचं, आणि तेही सरांना काही न विचारता. मुखेडचे गोविंद सर असेच आमच्यात आले. त्यांच्या शाळेत तीन संगणक, त्यातला एक चालू, आणि लाइट असली तर असली. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला, "सर, हे घर्षण कुठं चिकटवायचं?"

"फोन केला ना तुम्ही? नापास."

"मी नापास?" गोविंद सर तसे तापट. "आहो, इथं लाइट न्हाई, बसायला खुर्ची न्हाई, त्यात नापास करून राहिले तुम्ही!"

"तुम्ही कशाला? माझं मॉडेल नापास. परत लिहितो."

आणि खरंच परत लिहिलं. त्या एका मॉडेलाच्या पाच आवृत्त्या माझ्या यादीत आहेत.

दुसरी अट म्हणजे पिवळी चौकट. मॉडेल उघडलं की आकृतीच्या आधी एक पिवळी चौकट यायची आणि तिचं शीर्षक असायचं, 'हे कुठं खोटं पडतं'. अब्बांच्या डब्यांवरचा खडू तो हाच. लोलकाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'झोका लई मोठा घेतला तर खोटं. पाळण्यातल्या लेकराला चालेल, जत्रेतल्या पाळण्याला चालणार नाही.' फेकलेल्या दगडाच्या चौकटीत, 'वारा धरलेला नाही. माहूरच्या गडावरून फेकून बघू नये, खाली माणसं असतात.' काही चौकटी तीन शब्दांच्या, काही दोन-दोन पानांच्या. चूक एखाद्या शिक्षकानं दाखवून दिलेली असली, तर खाली 'कोणी सांगितलं' म्हणून त्याचं नाव. क्लासवाले मॉडेलं आवडीनं वापरत, पण चौकटीवर त्यांचा राग. एकजण घरी येऊन म्हणाला, "सर, तेवढी चौकट काढा ना. पोरं म्हणतात, खोटं हाय तर शिकवता कशाला?" सरांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "चौकट काढायची तर मॉडेल बी काढतो. दोघं नवराबायको हायत." आतून भाभी ओरडल्या, "आमचं नाव कशाला मधी?"

आता माझ्या चुकीचं.

तीन वर्षांपूर्वी जुनी साइट बंद होणार असं कळलं आणि सगळी लायब्ररी एका उन्हाळ्यात नव्या जागी हलवायची ठरली. ते काम मी अंगावर घेतलं. सगळ्या मॉडेलांना एकसारखा नमुना केला: नाव, इयत्ता, वापरलेले तुकडे, लागणारं साहित्य, आणि शेवटी 'शेरा'. सरांच्या चौकटी मी त्या शेऱ्यात घातल्या. मला त्या वेड्यावाकड्या चौकटी नीट एका मापात बसलेल्या पाहून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. त्या रकान्याला दोनशे अक्षरांची मर्यादा होती. त्यापुढचं सगळं काही न बोलता कापलं गेलं. मी एकशे चौसष्ट खुणा केल्या, काम पूर्ण म्हणून कळवलं, आणि महिन्याभरात जुनी साइट बंद पडली. सर चौकटी थेट साइटवर लिहीत. त्यांच्या संगणकात मॉडेलं होती, चौकटी नव्हत्या. माझ्याकडेही नव्हत्या. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवणारी मी... हीच ठेवली नाही.

वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग गोविंद सरांचा फोन आला. रेणापूर तालुक्यातल्या एका गावात तिथल्या शिक्षकांनी ग्रामसभेत सरांचं भिंतीचं मॉडेल दाखवलं होतं. पडद्यावर जाड भिंत हलली, पण पडली नाही. त्यावरून लोकांनी अर्थ काढला, की आपल्या जुन्या दगड-मातीच्या भिंती जाड आहेत म्हणजे भूकंपात टिकतील, वरून सिमेंटचा गिलावा केला की झालं. मुनीर सरांनी मॉडेल उघडून पाहिलं. चौकटीतलं शेवटचं वाक्य होतं, 'आपल्याकडची दगड-मातीची जुनी भिंत मात्र'. पुढं काही नाही. त्यांनी मला फोन केला. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "ताई, रकाना केवढा होता?"

"दोनशे अक्षरं."

मग म्हणाले, "दोनशे अक्षरांत माझी खाला बसत न्हाई हो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गावी गेलो. शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. सरांनी उभं राहून सांगितलं, की चूक माझी आहे, मॉडेलाबरोबर सांगायचं ते मी सांगितलं नाही. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हंजी कॉम्प्युटर खोटं बोललं का?"

"न्हाई बाबा. त्याला सांगितलं तेवढंच बोललं. मी भिंत एकसंध धरली होती. तुमची एकसंध न्हाई."

"मंग माझं घर हाय का गेलं, तेवढं सांगा की सरळ."

सर त्यांच्या घरी गेले. बाहेरून नवा गिलावा चकाचक. सरांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत नेली आणि मधोमध एका जागी आवाज पोकळ आला. बाबांचा हात धरून त्यांनी त्यांनाही वाजवायला लावलं. "बाहेरचा थर सुटलाय इथं. आरपार जाणारा दगड एक बी न्हाई ह्यात. दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या हायत, अन् मधी भुसा." बाबांनी सुनेला हाक मारून त्या भिंतीकडेची बाज आधी हलवायला लावली.

परतताना सर एस. टी.त खिडकीशी बसून होते. मी म्हटलं, कापलेल्या चौकटी मी परत लिहिते, तुम्ही फक्त सांगा. ते म्हणाले, "सांगता येत न्हाई. आठवणीनं लिहिलं तर ते बी खोटंच. परत मोडून बघावं लागतं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुम्ही यादी ठेवा."

त्या वाक्यात राग होता की दमणूक होती, मला ठरवता आलेलं नाही. कापलेल्या चौकटी सत्त्याण्णव निघाल्या. पहिली त्यांनी भिंतीची लिहिली. मग एकेक मॉडेल घ्यायचं, आकडे ताणत न्यायचे, ते कुठं मोडतं ते पाहायचं आणि लिहायचं. निवृत्त झाले होते, साखरेचा त्रास होता, डोळे दुखायचे. एकेका चौकटीला पाच-सहा दिवस. मला फोन यायचा: "शहाऐंशी नंबर झाला." मी म्हणायची, "बरं." खूण करायची. पूर्वी अर्धा तास चालणारे आमचे फोन दोन वाक्यांवर आले होते. मी माफी मागायची ठरवून दोनदा लातूरला गेले आणि दोन्ही वेळा दुरुस्तीच्या याद्यांवर बोलून परत आले. एकसष्ट चौकटी झाल्या तेव्हा त्यांचा शेवटचा फोन आला. तेव्हाही मी "बरं" एवढंच म्हटलं.

सरांचा चाळीसावा दिवस झाल्यावर गोविंद सर आणि मी बसलो. छत्तीस चौकटींचं काय करायचं? चौकट नसलेलं मॉडेल काढून टाकावं, असं मी म्हटलं. नियमानं तेच बरोबर होतं. गोविंद सर म्हणाले, "काढायला काय लागतंय ताई, एक बटण. मोडून बघू की आपण. ते एकटे करत होते, आपण दोघं हाव." अठरा-अठरा वाटून घेतल्या. मी भौतिकशास्त्राची नव्हे. एकेक पान तीन-तीनदा वाचावं लागतं, रविवार जातो, पाठ धरते, आणि मॉडेल मोडतच नाही तेव्हा फार कंटाळा येतो. मोडलं की आनंद होत नाही, फक्त एक खूण होते. हे काम त्यांनी एकट्यानं दोन वर्षं केलं, माझ्यामुळे केलं, हे त्या कंटाळ्यात जास्त कळतं.

काही मॉडेलांच्या मूळ प्रती सरांच्याच संगणकात असल्यामुळे मी रविवारी लातूरला जाते आणि त्यांच्या खोलीत बसते. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, चालू असल्यानं भाभी घराबाहेर पडत नाहीत, परक्या पुरुषांसमोर येत नाहीत. म्हणून तिथलं काम माझ्याकडे. गेल्या रविवारी 'माठातलं पाणी' हे मॉडेल घेतलं होतं. पडद्यावर एक माठ, त्यातून पाणी पाझरतं, बाहेर सुकतं आणि आतलं पाणी गार होत जातं. ऊन वाढवलं, वारा वाढवला, सगळं बरोबर येत होतं. दोन तास झाले तरी ते कुठं खोटं पडतं, मला सापडेना. भाभी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे पावसाळ्यात बी एवढंच गार दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

मी शोधलं. हवेतल्या ओलाव्याचा आकडा मॉडेलात कुठंच नव्हता.

"पावसाळ्यात न्हाई होत हो गार. सादळलेल्या हवेत काय सुकतंय? अन् माठ नवा धरलाय का जुना?"

"त्यानं काय होतं?"

"आता बघा! जुन्याची भोकं बुजतात, क्षार बसून. मंग पाझरतच न्हाई. ह्यांना म्हाईत होतं की. दरसाल उन्हाळा लागला की तेच नवा आणायचे. हा थकला म्हणायचे, दमला बिचारा."

मी चौकट उघडली आणि त्या बोलल्या तसंच लिहिलं. पावसाळ्यात खोटं. जुन्या माठाला खोटं. खाली, कोणी सांगितलं तिथं, शमीम भाभी असं घातलं. त्या "काय तरीच" म्हणाल्या, पण पुसायला लावलं नाही. नव्या चौकटीला मी मर्यादा ठेवलेली नाही. आता एकतीस राहिल्या.

खोलीच्या कोपऱ्यात तिवईवर माठ होता. तोंडाशी पांढरा थर चढलेला, बाहेरून अगदी कोरडा. यंदा तो बदलायचा राहून गेला होता. मी माझ्या वहीत लिहिलं: पुढच्या रविवारी, माठ. भाभींनी ते वाचलं असावं. म्हणाल्या, "आणू नका ताई. ह्या साली राहू द्या ह्यालाच. त्यांनी आणलेला हाय..."

मी ती ओळ खोडली. त्यांनी त्या माठातलं पाणी तांब्यात काढून माझ्या हातात दिलं. गार नव्हतं. मी सगळं प्यायले.